गावचा पूल आणि देशाची तिजोरी

३१ जुलै २०१३ रोजी अमेरिकेच्या प्रतिनिधीगृहात सत्ताधारी बहुमताला स्वतःचेच विधेयक मागे घ्यावे लागले. विधेयक होते वाहतूक आणि गृहनिर्माण खात्यांच्या वार्षिक खर्चाचे. बहुमत रिपब्लिकन पक्षाचे, विधेयक लिहिणारी समितीही त्याच पक्षाच्या हातात, आणि त्यातला सुमारे ४४ अब्ज डॉलरचा आकडा त्याच पक्षाने काही महिन्यांपूर्वी मंजूर केलेल्या काटकसरीच्या आराखड्यातून आलेला. तरीही मते जुळेनात. काटकसरीला तत्त्वतः हात वर करणाऱ्या सदस्यांना तीच काटकसर रस्त्यांच्या, रेल्वेच्या आणि शहरांच्या अनुदानांत प्रत्यक्ष दिसू लागली, तेव्हा तिच्या पाठीशी उभे राहणे अवघड झाले. दुसऱ्या दिवशी सिनेटचे याच खात्यांचे, दहाएक अब्जांनी मोठे विधेयक ५४ विरुद्ध ४३ मतांवर अडकले, कारण तिथे चर्चा संपवायलाच ६० मते लागतात. १ ऑक्टोबरला नवे आर्थिक वर्ष उजाडले तेव्हा खर्चाचे एकही नियमित विधेयक संमत झालेले नव्हते. निमित्त आरोग्यविम्याच्या कायद्याचे झाले आणि सरकारचे कामकाज सोळा दिवस ठप्प राहिले. या अपयशाची कारणे पुष्कळ सांगितली जातात. मला त्यातले एक महत्त्वाचे वाटते आणि ते सहसा उलट्या बाजूने मांडले जाते. आपल्या मतदारसंघासाठी एखादा पूल, धक्का किंवा रस्ता खर्चाच्या विधेयकात नावानिशी घालून घेण्याची सदस्यांची जुनी प्रथा, जिला तिथे इअरमार्क म्हणतात, ती अर्थसंकल्पाला लागलेली कीड समजून २०११ मध्ये बंद केली गेली. इतिहास पाहिला तर हाच छोटा हिस्सा मोठ्या तडजोडीला टिकवून धरत होता असे दिसते. दोष हिश्शात नव्हता. तो झाकून ठेवण्यात आणि मूठभरांच्या हाती जाण्यात होता.

हे समजण्यासाठी तिथली व्यवस्था आपल्यापेक्षा किती वेगळी आहे ते आधी ध्यानात घ्यायला हवे. आपल्याकडे खर्चाच्या मागण्या सरकार मांडते. खासदाराला कपात प्रस्ताव आणता येतो, रक्कम वाढवता येत नाही, आणि अनेक मागण्या शेवटच्या दिवशी चर्चेविना एकगठ्ठा मंजूर होतात. अनुदानाच्या मागणीवर पराभव झाला तर सरकारच अडचणीत येते, म्हणून पक्षादेशाबाहेर कोणी जात नाही. अमेरिकेत राष्ट्राध्यक्षांचा अर्थसंकल्प ही नुसती सूचना असते. कायद्याने विनियोजन झाल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असे तिथली राज्यघटना पहिल्याच अनुच्छेदात सांगते, आणि ते विनियोजन काँग्रेस, म्हणजे तिथली संसद, स्वतः लिहिते. बारा उपसमित्या बारा विधेयके तयार करतात. वाहतुकीचे विधेयक त्यांतले एक. त्यातही दोन टप्पे आहेत: एका समितीने काही वर्षांसाठी योजनेला मान्यता द्यायची आणि दुसरीने दरवर्षी पैसा द्यायचा. दोन्ही सभागृहांचे मसुदे जुळवायचे, त्यावर राष्ट्राध्यक्षांची सही मिळवायची, आणि हे सारे ३० सप्टेंबरच्या आत. विधेयक पडले तरी सरकार पडत नाही, त्यामुळे पक्षाचा धाक अपुरा पडतो. बहुमत दरवेळी नव्याने, एकेका सदस्याशी बोलून जमवावे लागते. अशा घरात देवाणघेवाण ही चैन नसते, तिच्याशिवाय काम पुढे सरकत नाही.

सुरुवातीला हे सारे लहान होते. सप्टेंबर १७८९ मधला पहिला विनियोजन कायदा अवघ्या चार रकमांचा होता: मुलकी खर्चाला २ लाख १६ हजार डॉलर, युद्धखात्याला १ लाख ३७ हजार, जुनी देणी फेडायला १ लाख ९० हजार आणि जखमी सैनिकांच्या निवृत्तिवेतनाला ९६ हजार. त्याच उन्हाळ्यात काँग्रेसने दीपगृहे आणि बंदरांतल्या खुणांची जबाबदारी संघराज्याकडे घेतली होती, म्हणजे वाहतुकीवरचा खर्च प्रजासत्ताकाइतकाच जुना आहे. वाद पेटला तो रस्ते-कालव्यांवरून. १८०६ मध्ये जेफरसन यांनी कंबरलँड रस्त्याच्या कायद्यावर सही केली, पण १८१७ मध्ये मॅडिसन यांनी रस्ते-कालव्यांच्या निधीचे विधेयक फेटाळले. कामे हितकारक असली तरी घटनेने तो अधिकार दिलेला नाही, असे त्यांचे म्हणणे. १८३० मध्ये जॅक्सन यांनी केंटकीतल्या मेसव्हिल रस्त्याचा निधी रोखला, कारण तो रस्ता एकाच राज्यात सुरू होऊन तिथेच संपत होता. तत्त्वाच्या या लढाया राष्ट्राध्यक्ष जिंकत गेले, पण गरज थांबली नाही. वाफेच्या बोटी वाढल्या, नदीपात्रात अडकलेली झाडे काढायची होती, बंदरातला गाळ उपसायचा होता. शतकाच्या अखेरीस नद्या आणि बंदरांचे विधेयक हे सदस्यांच्या सौद्यांचे मुख्य मैदान झाले.

१८८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष चेस्टर आर्थर यांनी असेच सुमारे १ कोटी ८७ लाख डॉलरचे विधेयक नाकारले. एका राज्याचा पैसा दुसऱ्या राज्याच्या स्थानिक कामावर जातो हे लोकांना दिसले की तेही आपला वाटा मागतात, आणि मग विधेयक जितके आक्षेपार्ह होते तितका त्याचा पाठिंबा वाढत जातो, असे त्यांनी आपल्या संदेशात मांडले. काँग्रेसने दुसऱ्याच दिवशी दोन तृतीयांश मतांनी त्यांचा नकार मोडीत काढला. आर्थर यांचे निरीक्षण अचूक होते आणि पुढच्या सगळ्या टीकाकारांनी तेच वेगवेगळ्या शब्दांत सांगितले आहे. पण त्यातून दोन निष्कर्ष निघतात. एक, की वाटे मागण्याने खर्च फुगतो. दुसरा, की इतक्या विखुरलेल्या देशात पाठिंबा जमतो तो याच मार्गाने. खर्च फुगू नये म्हणून काँग्रेसने वेळोवेळी स्वतःला शिस्तही लावली. प्रतिनिधीगृहात १८६५ मध्ये आणि सिनेटमध्ये १८६७ मध्ये स्वतंत्र विनियोजन समिती झाली. १८७७ ते १८८५ या काळात प्रतिनिधीगृहाने चिडून तिच्याकडची नद्या-बंदरांसह बरीच विधेयके काढून इतर समित्यांना वाटली. पहिल्या महायुद्धाच्या खर्चानंतर, १९२० मध्ये, ती पुन्हा एकत्र केली, आणि १९२१ च्या कायद्याने राष्ट्राध्यक्षांना अर्थसंकल्प कचेरी व काँग्रेसला स्वतंत्र लेखापरीक्षक मिळाला. एकत्रीकरण आणि वाटणी यांच्यात हे सभागृह सतत हेलकावत आले आहे. त्यातले एक टोक कायमचे पकडता येईल ही समजूत विसाव्या शतकाच्या शेवटची.

या देवाणघेवाणीचे सर्वांत मोठे फळ म्हणजे आंतरराज्य महामार्ग, आणि त्याची गोष्ट जरा जवळून पाहण्यासारखी आहे. आयझेनहॉवर यांच्या सरकारने कर्जरोखे काढून महामार्ग बांधण्याची योजना आणली. ती काँग्रेसला रुचली नाही. जुलै १९५५ मध्ये करांवर आधारलेले पर्यायी विधेयक प्रतिनिधीगृहात आले, तेही २९२ विरुद्ध १२३ असे आपटले. ट्रक, टायर आणि तेल कंपन्यांचा करांना विरोध होता. सप्टेंबरमध्ये सार्वजनिक रस्ते विभागाने पिवळ्या वेष्टनाचे एक पुस्तक छापून सदस्यांच्या हाती दिले. त्यात फारसा मजकूर नव्हता. शंभरएक शहरांचे नकाशे होते, आणि प्रत्येक नकाशावर भावी महामार्गाच्या जाड रेषा शहरातून व शहराभोवती काढलेल्या होत्या. आतापर्यंत मोकळ्या माळावरचा वाटणारा रस्ता आता प्रत्येकाला आपल्या शहरात येताना दिसला. दरम्यान करांचा भार ट्रकवाल्यांना पटेल असा सौम्य झाला, आणि इंधनकराचा पैसा रस्त्यांवरच खर्च होईल याची हमी देणारा महामार्ग विश्वस्त निधी ठरला. एप्रिल १९५६ मध्ये तेच सभागृह ३८८ विरुद्ध १९ मतांनी राजी झाले. ४१ हजार मैलांचे जाळे, २५ अब्ज डॉलर, त्यातला नव्वद टक्के भार संघराज्याचा. राष्ट्रहिताच्या या प्रकल्पाची आठवण आज प्रादेशिक स्वार्थाला दिलेला धडा म्हणून काढली जाते. वस्तुस्थिती अशी की राष्ट्रहित प्रत्येकाला आपल्या गल्लीच्या नकाशावर दाखवले गेले, तेव्हाच ते संमत झाले.

इथे एक आक्षेप येतो आणि तो या विषयातला सर्वांत गंभीर आहे. त्या पिवळ्या पुस्तकातल्या रेषा कोणाच्या घरांवरून गेल्या? न्यू ऑर्लिन्समध्ये क्लेबोर्न अॅव्हेन्यू हा कृष्णवर्णीय वस्तीचा ओक वृक्षांनी भरलेला हमरस्ता उन्नत महामार्गाखाली गाडला गेला. त्याच शहरात जुन्या फ्रेंच वस्तीच्या कडेने जाणारा नदीकाठचा महामार्ग मात्र वजनदार नागरिकांनी वर्षानुवर्षे झुंजून १९६९ मध्ये रद्द करवून घेतला. सेंट पॉलमधली रोंडो आणि मायामीतली ओव्हरटाऊन या वस्त्या अशाच चिरल्या गेल्या. दक्षिणेतल्या लाखो कृष्णवर्णीयांना १९६५ च्या कायद्यापर्यंत मताचा अधिकार नावापुरताच होता. सौद्याच्या बैठकीत ज्याला जागा नाही, त्याच्या अंगणातून रस्ता जातो, हे सत्य आहे आणि ते दुखावणारे आहे. पण या सत्यातून सौदाच नको असा अर्थ काढणे चूक ठरेल. त्या रेषा इअरमार्कांनी आखलेल्या नव्हत्या. राज्यांच्या महामार्ग खात्यांतल्या आणि संघराज्याच्या विभागातल्या अभियंत्यांनी त्या वाहनांची गणती आणि जमिनीचे भाव पाहून आखल्या होत्या. तज्ज्ञांचे सूत्र निःपक्ष दिसते, तरी स्वस्त जमीन शोधता शोधता ते दुबळ्या वस्तीपाशीच पोचते. त्यावर उतारा एकच: ज्यांना जागा नव्हती त्यांना बैठकीत जागा मिळणे. ती मिळाल्यावर त्यांच्याही प्रतिनिधीला काहीतरी मागता आले पाहिजे.

पुढच्या दोन दशकांत दोन गोष्टी बदलल्या, आणि तडजोड फसण्याची किंमत त्यांनी वाढवली. निक्सन यांनी काँग्रेसने मंजूर केलेला पैसा खर्चच न करण्याचा सपाटा लावला. त्यात महामार्गांचा निधीही होता. मिसूरी राज्याचा महामार्ग आयोग न्यायालयात गेला आणि १९७३ मध्ये जिंकला. १९७४ च्या कायद्याने असा पैसा अडवण्यावर बंधने आली, काँग्रेसला स्वतःची अर्थसंकल्प कचेरी मिळाली, आणि आर्थिक वर्षाचा आरंभ जुलैवरून ऑक्टोबरवर गेला, म्हणजे वाटाघाटींना तीन महिने अधिक मिळाले. पण ती मुदत पुरली नाही. तेव्हापासून आजवर सगळी विधेयके वेळेत संमत झाली अशी वर्षे चारच: १९७७, १९८९, १९९५ आणि १९९७. दुसरा बदल १९८० चा. तोवर विधेयक लांबले तरी कार्यालये काटकसरीने चालू राहत. त्या वर्षी महाधिवक्ता बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिले की विनियोजन संपले तर कायद्याने काम थांबवलेच पाहिजे. पुढे जीवित आणि मालमत्तेच्या रक्षणाची कामे त्यातून वगळली गेली. आज जगाला परिचित झालेला शटडाऊन घटनेत कुठे नाही, तो या कायदेशीर मतातून जन्मला. तडजोडीची गरज सर्वांत जास्त कधी होती, तर यानंतर.

नेमक्या याच काळात इअरमार्क बेसुमार वाढले, हे मान्य करायला हवे. १९८२ च्या महामार्ग कायद्यात अशी दहा कामे होती, १९८७ च्या कायद्यात दीडशेवर, १९९१ मध्ये पाचशेवर, १९९८ मध्ये अठराशेवर आणि २००५ मध्ये पाच हजारांवर. रेगन यांनी १९८७ चे विधेयक नाकारले. सिनेटने आदल्या दिवशी दोन मते कमी पडल्यावर दुसऱ्या दिवशी ६७ विरुद्ध ३३ अशा नेमक्या लागणाऱ्या मतांनी तो नकार मोडला, आणि त्यासाठी नॉर्थ कॅरोलिनाचे टेरी सॅनफर्ड यांनी आपले मत फिरवले. २००५ च्या कायद्यातला ग्रॅव्हिना बेटाचा पूल तर साऱ्या देशात बदनाम झाला. अलास्कातल्या केचिकन शहराला पन्नासएक वस्तीच्या बेटाशी जोडणारा हा पूल. त्या बेटावर शहराचा विमानतळ आहे आणि तिथे फेरीबोटीने जावे लागते. त्यासाठी २२ कोटी ३० लाख डॉलर राखून ठेवले होते, आणि प्रतिनिधीगृहाच्या वाहतूक समितीचे अध्यक्ष डॉन यंग अलास्काचेच. त्या ऑक्टोबरात सिनेटर टॉम कोबर्न यांनी हा पैसा कॅटरिना वादळाने मोडलेल्या लुइझियानातल्या पुलाकडे वळवण्याची सूचना आणली. अलास्काचे टेड स्टीव्हन्स यांनी राजीनाम्याची धमकी दिली आणि सूचना १५ विरुद्ध ८२ मतांनी पडली. वाटेकरी एकमेकांना कसे सांभाळून घेतात याचे यापेक्षा उघड उदाहरण नाही. त्याच वर्षी कॅलिफोर्नियाचे रँडी कनिंगहॅम यांनी संरक्षण कंत्राटदारांकडून २४ लाख डॉलरची लाच घेतल्याची कबुली दिली. लोकांचा संताप न्याय्य होता.

पण ग्रॅव्हिना प्रकरणाचा शेवट क्वचितच सांगितला जातो. नोव्हेंबर २००५ मध्ये काँग्रेसने त्या पुलाची अट काढून टाकली, आणि पैसा मात्र अलास्काकडेच राहू दिला. इअरमार्क गेला, एक डॉलरही वाचला नाही. पैसा कुठे लावायचा हे ठरवणारा फक्त बदलला. २०११ च्या बंदीनेही मोठ्या प्रमाणावर हेच केले. अशा कामांचा वाटा एकूण सरकारी खर्चाच्या एक टक्क्याहून कमी होता, आणि बंदी आली म्हणून खात्यांच्या एकूण मर्यादा आपोआप खाली आल्या नाहीत. जो निर्णय सदस्य नावानिशी घेत, तो वाहतूक खात्याच्या स्पर्धात्मक अनुदानांकडे गेला. २००९ मध्ये दीड अब्ज डॉलरने सुरू झालेली ही योजना नावे बदलत पुढे चालू राहिली. सदस्य मंत्र्यांना शिफारसपत्रे लिहू लागले. स्थानिक हित संपले नाही, त्याचे फक्त हत्यार झाले. बंदी आली त्याच वर्षी, २३ जुलै ते ५ ऑगस्ट, संघराज्य विमानवाहतूक प्रशासन अर्धवट बंद पडले. वादाचा एक मुद्दा कामगार संघटनांच्या निवडणुकीचा होता, दुसरा काही छोट्या विमानतळांच्या अनुदानाचा. त्यातला एक विमानतळ नेवाडातल्या इली गावचा, म्हणजे सिनेटच्या बहुमताचे नेते हॅरी रीड यांच्या राज्यातला. सुमारे चार हजार कर्मचारी घरी बसले, विमानतळांवरची बांधकामे थांबली, सुरक्षा निरीक्षकांना वेतनाविना आणि प्रवासखर्च पदरचा घालून काम करावे लागले. पूर्वी गावचा विमानतळ मत मिळवण्यासाठी दिला जाई, आता दुसऱ्याला कोंडीत पकडण्यासाठी तो काढून घेण्याची भाषा सुरू झाली.

यावर म्हणता येईल की कोंडीचे खरे कारण पक्षांमधले वाढलेले वैर आहे. इअरमार्क असतानाही १९९५-९६ मध्ये सरकार बंद पडलेच होते. हे खरे आहे. २०१८-१९ चा ३५ दिवसांचा शटडाऊन सीमेवरच्या भिंतीवरून झाला, तो चार पुलांनी टळला नसता. वेतनाविना राबणारे हवाई नियंत्रक कमी पडून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडची उड्डाणे रोखावी लागली, त्याच दिवशी तो मिटला. इअरमार्काने वैर नाहीसे होते असा दावा मी करत नाही. पण तापलेल्या दोन पक्षांत व्यवहाराचा जो एक धागा उरतो, तो तोडून वैर कमी कसे होईल? सदस्याला विधेयकात स्वतःचे असे काही नसेल, तर त्याच्याविरुद्ध मत देण्यात त्याचे काही जात नाही. उलट पक्षातले कट्टर लोक टाळ्या देतात. त्याच विधेयकात त्याच्या गावचे बसस्थानक असेल, तर नकाराची किंमत त्याला मतदारांपुढे मोजावी लागते. २०१३ च्या त्या वाहतूक विधेयकाला ही किंमत जोडायची सोयच नेत्यांकडे उरली नव्हती.

दहा वर्षांनी काँग्रेसने प्रथा परत आणली, आणि या वेळी शहाणपणाने. २०२१ पासून प्रत्येक मागणी सदस्याच्या नावासह जाहीर करावी लागते, स्वतःचा वा कुटुंबाचा आर्थिक संबंध नसल्याचे लिहून द्यावे लागते, नफ्यासाठी चालणाऱ्या कंपन्यांना पैसा मिळत नाही, प्रतिनिधीगृहात मागण्यांच्या संख्येला मर्यादा आहे, आणि एकूण रक्कम वार्षिक विनियोजनाच्या एक टक्क्यात ठेवायची असते. ग्रॅव्हिनाच्या पुलातून शिकण्यासारखे जे होते, ते या नियमांत आहे. ही घडी अजून नाजूक आहे. मार्च २०२५ मध्ये उरलेल्या वर्षाचा खर्च एकाच तात्पुरत्या कायद्यात गुंडाळला गेला, तेव्हा ही कामे त्यातून वगळली गेली, आणि कोणत्या कामाला किती द्यायचे यात खात्यांना मोकळीक मिळाली. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला, पुढचा शटडाऊन सुरू झाला त्या दिवशी, प्रशासनाने न्यूयॉर्कमधल्या हडसन नदीखालच्या रेल्वे बोगद्यासह दोन प्रकल्पांचा सुमारे १८ अब्ज डॉलरचा निधी रोखला. शिस्तीच्या नावाने सदस्यांच्या हातून निसटलेला अधिकार कोणाकडे जातो, हे यातून कळते: तो ना करदात्याकडे जातो ना तज्ज्ञांकडे, तो सत्तेवर बसलेल्या प्रशासनाकडे जातो, आणि तिथे त्याला नाव-गाव लिहून देण्याची सक्ती नसते.

म्हणून सार्वजनिक पैशाच्या वाटपात स्वार्थ दिसला की तो मुळापासून उपटावा, या विचाराची मला काळजी वाटते. दोनशे तीस-पस्तीस वर्षांचा हा इतिहास सांगतो की रस्ता कुठून जावा हा प्रश्न राजकारणाबाहेर कधीच नव्हता. फरक पडला तो हे राजकारण कोणासमोर चालते यावर. आपल्याकडेही आमदार-खासदार निधी आणि पुरवणी मागण्यांवर टीका करताना आपण बहुधा रक्कम मोजतो. विचारायचे प्रश्न निराळे आहेत. मागणी कोणी केली, ती छापली का, तिचा हिशेब तपासला का, आणि ज्यांच्या दारातून हा रस्ता जाणार आहे त्यांचा माणूस बैठकीत होता का? या चार प्रश्नांची उत्तरे उघड असतील, तर गावच्या पुलासाठी भांडणारा प्रतिनिधी आपले काम चोख करत असतो, आणि त्याला तसे करू देण्यातच सभागृहाचे बळ आहे.